गॅलरी आत घेताना

मुंबईच्या उपनगरांत घर कोणी वाढवत नाही. गॅलरी आत घेतात. "आम्ही गॅलरी आत घेतली" हे वाक्य लोक इतक्या मायेनं उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, ती बिचारी इतकी वर्षं पावसात उभी होती आणि शेवटी घरच्यांना दया आली. आमच्या इमारतीत चार मजले, सोळा घरं आणि सोळा गॅलऱ्या. त्यांतल्या पंधरा केव्हाच आत आल्या. कोणी स्लाइडिंगच्या काचा लावल्या, कोणी मधली भिंत पाडली. ४०२ वाल्यांनी तर आधी गॅलरी आत घेतली आणि मग गॅलरी नाही म्हणून बाहेरून बॉक्स ग्रिलची नवी काढली. सोळावी गॅलरी आमची. ती १९८६ पासून बाहेरच आहे. दहा फूट बाय साडेतीन फूट. तिथे एक तुळस, मुलाची गंजलेली सायकल, कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या, आणि उरलेल्या जागेत मी.

हे असंच चाललं असतं. पण सोफा आला.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून चिरंजीवांनी बंगळूरहून एल आकाराचा सोफा पाठवायचं ठरवलं. "बाबा, हॉलचं माप कळवा," म्हणाला. मी बत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत, आकड्यांत माझी चूक होत नाही. टेप घेतली, एक टोक हिच्या हातात दिलं, दुसरं घेऊन मागे मागे सरकत गेलो आणि पाठीला कठडा लागला तिथे थांबलो. गॅलरीचं दार उघडं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. सोफा अगदी मापात आला. त्याचा लांब पाय हॉलमध्ये बसला आणि आखूड पाय गॅलरीच्या उंबऱ्यावरून दोन फूट बाहेर गेला. दार लागेना. तारीख होती ८ जून.

"परत नाही का घेत ते?"

"पॅकिंगसकट परत घेतात."

पॅकिंगचे पुठ्ठे हिनं तोवर माळ्यावर अंथरले होते.

पहिल्याच पावसात सोफ्याचा तो पाय भिजला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर कावळा बसलेला दिसला. अगदी टेकून, पाहुण्यासारखा. हिनं त्याला हाकललं आणि निकाल दिला, "अहो, आता गॅलरी आत घ्या."

मिस्त्री आला. त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं, डॉक्टर पाठीवर करतात तसं, आणि म्हणाला, "दोन दिवसांचं काम आहे, काका. शनिवारी भिंत उतरवू, रविवारी काचा लावू. सुट्टी असते, कोणी फिरकत नाही."

"परवानगी लागत असेल ना?"

मी भिंतीची पत्रिका मागितल्यासारखा तो बघत राहिला. "काका, परवानगी भिंत बांधायला लागते. आपण पाडतोय."

या तर्कापुढे शहाण्या माणसानं मान तुकवली असती. पण बँकेत मी कर्ज विभागात होतो. एक सही राहिली, एका पानावर शिक्का तिरका पडला, म्हणून मी माणसांना डोंबिवलीपर्यंत परत पाठवलेलं आहे. 'रीतसर' हा शब्द माझ्या रक्तात आहे. त्या सगळ्या माणसांचे तळतळाट कुठेतरी जमा होत असणार, आणि ते माझ्याच गॅलरीत उतरणार, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी नियम वाचायला बसलो. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा आहे. त्याचं ३४२ वं कलम दुरुस्तीबद्दल बोलतं, आणि ते फार समंजस आहे. गिलावा करा, रंग द्या, फरशी बदला, संडास-बाथरूम दुरुस्त करा, नळ आणि पाइप बदला, वायरिंग करा. कोणाला विचारायला नको. मी खूश झालो. मग पुढचं वाचलं. जागेची लांबी-रुंदी-उंची बदलणं, भार पेलणारी भिंत काढणं, जमीन खाली नेणं, पोटमाळा घालणं हे मात्र त्या दुरुस्तीत बसत नाही. म्हणजे गॅलरीत मी इटालियन फरशी घालू शकत होतो, तिला मोरपिशी रंग देऊ शकत होतो, फक्त आत घेऊ शकत नव्हतो.

वाचता वाचता या शहराच्या एका खास दस्तऐवजाशी माझी ओळख झाली. मुंबईत इमारत बांधायला जी परवानगी मिळते तिचं नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', नापसंतीची सूचना. बिल्डर तिला आयओडी म्हणतात आणि ती हातात पडली की पेढे वाटतात. त्याच कायद्याच्या ३४६ व्या कलमात तिचं मूळ आहे. तुमचा नकाशा आम्हाला पसंत नाही, मात्र पुढील अटी पुऱ्या केल्यात तर गोष्ट वेगळी, असा तिचा सूर. अटी पानंच्या पानं. पाण्याच्या टाकीत डास होऊ नयेत म्हणून कीटकनाशक अधिकाऱ्यांचंसुद्धा ना-हरकत त्यात येतं. त्यानंतर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली काम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, आणि सगळ्यात शेवटी राहायला जायचं भोगवटा प्रमाणपत्र.

लोक या नावाला हसतात. मला ते ओळखीचं वाटलं. आमच्या सासऱ्यांनी माझं स्थळ मान्य केलं ते याच नमुन्यात. "आम्हाला हे स्थळ पसंत नाही. मात्र मुलगा सिगारेट सोडणार असेल, डोंबिवलीच्या पलीकडे बिऱ्हाड करणार नसेल आणि नाटकात काम करायचं खूळ डोक्यातून काढणार असेल, तर बघू." त्यातल्या दोन अटी अजून पुऱ्या व्हायच्या आहेत. भोगवटा प्रमाणपत्र मला आजतागायत मिळालेलं नाही. मी चाळीस वर्षं तसाच राहतोय.

गॅलरीचं पुराणही तेव्हाच उलगडलं. कार्पेट एरियाला मराठीत चटई क्षेत्र म्हणतात. साहेबाचा गालिचा आमच्यापर्यंत येईस्तो चटई झाला; भाषांतर करणाऱ्यानं उपनगरातले फ्लॅट पाहिलेले असणार. एका भूखंडावर किती बांधायचं त्याचा हिशेब म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, आणि जुन्या नियमांत गॅलरी ठरावीक मर्यादेपर्यंत या हिशेबात धरत नसत. ती बिल्डरला फुकट पडायची म्हणून त्यानं ती सगळ्यांना दिली, आणि सगळ्यांना ती फुकट मिळाली असं वाटून सगळ्यांनी ती आत घेतली. हे कित्येक वर्षं चाललं. मग जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले. गॅलऱ्या, खिडकीखालचे फुलझाडांचे कट्टे, सगळं हिशेबात आलं आणि त्या बदल्यात घरांसाठी ३५ टक्क्यांपर्यंत जादा 'फंजिबल' क्षेत्र ठेवलं. पुढे २०१६ चा रेरा कायदा आला, त्यातल्या चटई क्षेत्राच्या व्याख्येत गॅलरी नाही. म्हणजे माझी गॅलरी एका पुस्तकात आहे आणि दुसऱ्यात नाही. लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडचे नातेवाईक असतात ना, वरपक्षानं वधूपक्षात बसवलेले आणि वधूपक्षानं वरपक्षात, तशी तिची अवस्था.

ही सगळी विद्या घेऊन मी आमच्या वॉर्ड ऑफिसला गेलो. कुठल्या, ते सांगत नाही. मुंबईत वॉर्डांना अक्षरं आहेत. मुलुंड म्हटलं की टी, घाटकोपर म्हटलं की एन, बोरिवली म्हणजे आर मध्य, अंधेरी म्हणजे रुळाच्या एका बाजूला के पूर्व आणि दुसऱ्या बाजूला के पश्चिम. उपनगराचं नाव सांगितलं की अक्षर सांगितल्यासारखंच आहे, आणि मला अजून तिथे जायचं असतं. या चारांपैकी एका ठिकाणी, स्टेशनपासून बारा मिनिटांवर, एजंटच्या भाषेत पाच मिनिटांवर, मी राहतो, इतकं पुरे.

खिडकीतल्या माणसानं माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं.

"भिंत पाडलीत?"

"नाही. पाडायची आहे."

"म्हणजे तक्रार आलीय तुमच्यावर?"

"नाही."

"मग तुम्हाला कोणावर तक्रार करायचीय?"

"कोणावरच नाही. मला परवानगी हवीय."

त्यानं चष्मा काढला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारली, "मॅडम, हे विचारायला आलेत." मॅडम उठून माझ्याकडे बघून गेल्या. मग त्यानं मला इमारत व कारखाने विभागात पाठवलं. हे त्या खात्याचं खरंच नाव आहे. माझी गॅलरी या दोहोंतल्या कशात मोडते, याचा विचार करत मी जिना चढलो.

खरं ज्ञान मला ऑफिसात नाही, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळालं. प्रत्येक सरकारी कचेरीसमोर असा एक असतो. कायदा १८८८ चा असेल, पण तो समजतो याला. त्यानं एका पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली: अर्ज, आर्किटेक्टचा नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, इमारतीच्या मूळ मंजूर नकाशाची प्रत, सोसायटीचं ना-हरकत. मग पेन कानावर ठेवून विचारलं, "काका, एक विचारू? इमारतीत बाकीच्यांनी कशी घेतली गॅलरी?"

"न विचारता."

"मग तुम्ही विचारलंत कशाला?"

हा प्रश्न पुढच्या चार महिन्यांत मला निदान साठ माणसांनी विचारला.

ना-हरकतीसाठी सोसायटीकडे गेलो. आमच्या सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर, जिन्याखालच्या दोन खांबांमध्ये आहे. सेक्रेटरी २०४ मध्ये राहतात, त्यांची गॅलरी १९९४ साली आत आली. ते म्हणाले, "आमची काहीच हरकत नाही," आणि हरकतींचा कागद पुढे केला. काम सकाळी दहा ते दुपारी एक आणि चार ते सहा. मधल्या वेळात १०१ च्या आजी झोपतात. रविवारी हातोडा नाही. लिफ्टमधून वाळू नाही, विटा नाहीत, मिस्त्री नाही. डिपॉझिट पंचवीस हजार. रॅबिट चोवीस तासांत उचलणे.

रॅबिट म्हणजे ससा नव्हे. इंग्रजी 'रबिश' मुंबईच्या बिगाऱ्यांच्या तोंडात कधी काळी रॅबिट झालं आणि तेच राहिलं. पाडलेल्या भिंतीच्या विटा-मातीला या शहरात दुसरा शब्द नाही. आमच्या हिला हे माहीत नव्हतं. मिस्त्री फोनवर "काकू, तुमच्याकडे साधारण चाळीस गोणी रॅबिट निघेल," म्हणाला तेव्हा ती अर्धा मिनिट काहीच बोलली नाही.

सेक्रेटरींचा शेवटचा मुद्दा मात्र ठरलेला होता. "आणि हे सगळं करता कशाला? रिडेव्हलपमेंट होणारच आहे." आमच्या इमारतीचा पुनर्विकास ३ जानेवारी २००९ पासून होतोय. त्या तारखेला सरकारनं पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवणारं परिपत्रक काढलं आणि सेक्रेटरींनी ते फाइलला लावलं. ४ जुलै २०१९ ला नवं आलं, तेही लावलं. फाइल जाड झाली. जिन्यातला बल्ब गेला तरी "आता रिडेव्हलपमेंटच होणार," म्हणून कोणी बदलत नाही. पंधरा वर्षं आम्ही सगळे त्या जिन्यात भिंत धरून चढतो.

सकाळी फिरायला जातो तिथल्या कट्ट्यावर मी हे दुःख सांगितलं तर मला कोणी उभं करेना. प्रत्येकाचं दुःख माझ्यापेक्षा मोठं निघालं. अंधेरीच्या मित्राची इमारत किती उंच जाणार हे बिल्डर ठरवत नाही, विमान ठरवतं. विमानतळ प्राधिकरणाचं उंचीचं ना-हरकत लागतं. बोरिवलीच्या मित्राच्या मेहुण्यांची चाळ राष्ट्रीय उद्यानाला चिकटून, तिथे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे नियम. "थोडक्यात, आम्ही बिबट्याला विचारतो," असं तो म्हणतो. वर्सोव्याच्या गृहस्थांना समुद्राला विचारावं लागतं. १९९१ पासून किनाऱ्याचे नियम आहेत, भरती कुठवर येते ते त्यांना स्वतःच्या वाढदिवसापेक्षा चांगलं पाठ आहे. मालाडच्या एकाची इमारत लष्कराच्या सामानाच्या डेपोजवळ. तो नुसता सुस्कारा टाकतो. आणि घाटकोपरच्या तात्यांना गॅलरीत शिरलेली आंब्याची फांदी छाटायची आहे, तर त्याला १९७५ चा झाडांचा कायदा आहे. त्यांच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत फांदीला कैऱ्या लागल्या, तात्यांनी लोणचं घातलं आणि अर्ज मागे घेतला.

"अरे, संपूर्ण शहराचं तेच," अंधेरीवाला म्हणाला. खरंच आहे. मुंबईचा विकास आराखडा २०१४ ते २०३४ अशा वीस वर्षांचा. २०१५ मध्ये त्याचा मसुदा आला तेव्हा त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले निघाले. ओरड इतकी झाली की मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्तीला परत धाडला. मंजूर होऊन लागू व्हायला २०१८ उजाडलं. वीस वर्षांतली चार मंजुरीतच गेली. शहराची ही गत, तिथे माझ्या पस्तीस चौरस फुटांची काय कथा!

मूळ मंजूर नकाशा सोसायटीकडे नव्हता. असायला हवा होता. सेक्रेटरी म्हणाले की तो २६ जुलैच्या पुरात गेला. आमच्या इमारतीत २६ जुलै २००५ ला जेवढं पाणी शिरलं नाही तेवढे कागद वाहून गेलेत. मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, अर्ज करायचा. पण महाराष्ट्रात या अर्जाला मर्यादा आहे: विषय एकच आणि शब्द दीडशे. मी अर्ज लिहायला बसलो तर पार्श्वभूमीतच दोनशे दहा झाले. सोफा काढला, एकशे ऐंशी. कावळा काढला, एकशे साठ. ही म्हणाली, "लग्नाचा चाळिसावा वाढदिवस कशाला घातलाय त्यात?" तो काढल्यावर अर्ज बसला. इतकी वर्षं मी दिवाळी अंकांत लिहितोय. एकाही संपादकाला माझ्याकडून हे जमलेलं नाही.

नकाशा मिळाला. निळसर, घड्या पडलेला, कोपऱ्यात शिक्के. जेवणाच्या टेबलावर पसरून मी आमची गॅलरी शोधली. होती. दहा बाय साडेतीन. इतकं बरं वाटलं की मुलाची दहावीची मार्कशीट आली तेव्हाही वाटलं नव्हतं. मग सहज तळमजला पाहिला. जिन्याखालच्या त्या दोन खांबांमध्ये नकाशात काहीच नव्हतं. मोकळी जागा. गाड्यांसाठी.

ज्या ऑफिसात बसून माझं ना-हरकत अडवलं जात होतं, ते ऑफिसच नकाशात नव्हतं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वार्षिक सभा आली. विषय क्रमांक सातला मी उभा राहिलो आणि अत्यंत नम्रपणे म्हणालो की माझ्या अर्जावर निर्णय देण्यापूर्वी आपण सध्या ज्या खोलीत बसलो आहोत ती अस्तित्वात आहे का, हे समितीनं ठरवावं. सभेत अशी शांतता पसरली की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. ३०४ चे गृहस्थ, ज्यांच्या गॅलरीत आता वॉशिंग मशीन, फ्रीज आणि सासूबाई आहेत, खाकरून म्हणाले, "तुम्ही नकाशा मागवलात कशाला?"

त्या दिवसापासून माझ्यासाठी लिफ्ट थांबायची बंद झाली. ही कोथिंबीर आणायला गेली तरी खालच्या बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. दोन आठवड्यांनी ना-हरकत मिळालं. मला वाटतं, ते मला गप्प करायला दिलं.

आणि मग पाहणीची तारीख आली.

आदल्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश पडला: "उद्या सकाळी ११ वाजता महापालिकेची व्हिजिट. सर्व सभासदांनी गॅलरीत गॅलरीसारखं वागावं."

सकाळी उठून खाली गेलो तर इमारत ओळखू येईना. पहिल्या मजल्यावर १०४ नं स्लाइडिंगच्या काचांबाहेर ओल्या साड्या सोडल्या होत्या. २०३ नं टीव्ही झाकून त्याच्यापुढे तुळशीवृंदावन मांडलं होतं. ३०४ च्या सासूबाईंना आरामखुर्चीत बसवून हातात जपमाळ दिली होती आणि "खाली बघत राहा, बाहेर बसल्यासारखं," असं बजावलं होतं. ३०१ नं तर रात्रीतून काचाच उतरवून पलंगाखाली सरकवल्या. साडेदहाला पाऊस आला आणि त्यांचा संगणक भिजला. २०४ मध्ये स्वतः सेक्रेटरी स्टुलावर उभे राहून दोरीला चिमटे लावत होते. त्यांच्या गॅलरीत दोरी १९९४ नंतर पहिल्यांदाच लागली होती. चिमटे आमच्याकडून नेलेले.

दुय्यम अभियंता आला. हेल्मेट हातात, वय जेमतेम तीस, बरोबर एक वयस्क मुकादम. दोघांनी खालून वर पाहिलं. साड्या, तुळस, जपमाळ. मुकादमाच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यानं ते आवरलं.

"अर्ज कोणाचा?"

"माझा. ती तिसऱ्या मजल्यावरची, उघडी."

"बाकीच्या?"

मी काही बोललो नाही. वरून पंधरा घरं माझ्याकडे बघत होती.

"राहू दे," अभियंता म्हणाला. "माझ्याकडे अर्ज एकच आहे."

आम्ही वर गेलो. सोफ्याच्या आखूड पायावरून चढून तो गॅलरीत उतरला, टेप लावली. दहा, साडेतीन. आकडे जुळले. वहीत लिहिता लिहिता त्यानं मान वर केली आणि लिहायचं थांबला.

"हे काय?"

वर पत्रा होता. हिरवट रंगाचा, कडेला दगड ठेवलेला, लोखंडी कोनांवर बसवलेला. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर आठवड्याभरात मी तो घाबरून घालून घेतला होता. मी म्हणालो, "ते पावसाळ्यापुरतं आहे." आणि हे खरं होतं. पावसाळ्यापुरत्या तात्पुरत्या आडोशाला नियमांत जागा आहे. मी वाचलं होतं.

"कुठल्या पावसाळ्यापुरतं?"

"२००५ च्या."

मुकादम खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

सोळा घरांच्या त्या इमारतीत एकच नोटीस आली. ती मला. पत्रा मुदतीत काढून टाकावा, अन्यथा खर्च आपल्याकडून वसूल केला जाईल. नोटीस बरोबरच होती, तक्रार करायला मला जागा नाही. सेक्रेटरींनी मात्र तिची झेरॉक्स काढून सूचना फलकावर लावली आणि खाली हिरव्या पेनानं लिहिलं, "सभासदांनी अनधिकृत बांधकाम टाळावे." फलक लावलाय नकाशात नसलेल्या त्याच ऑफिसच्या दारावर.

पत्रा मिस्त्रीनं दोन तासांत उतरवला. जाताना म्हणाला, "काका, विचारलं नसतंत तर पत्रापण राहिला असता आणि गॅलरीपण आत आली असती." त्याला मी चहा दिला नाही.

मूळ अर्ज अजून चालू आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेले. ती भिंत पाडता येईल, पण तिच्याखालच्या तुळईचं आधी बघावं लागेल, असं त्यांनी लेखी दिलं. त्यांची फी, आर्किटेक्टची फी, भरायची रक्कम आणि काम मिळून बेरीज केली तेव्हा ही म्हणाली, "एवढ्यात तर बदलापूरला अख्खी गॅलरी येईल, घरासकट." मी बँकेच्या सवयीनं बेरीज पुन्हा केली. तीच आली.

पत्रा गेल्यापासून पाऊस थेट सोफ्यावर यायला लागला. मग ऑगस्टमध्ये सुतार बोलावला आणि सोफ्याचा आखूड पाय करवतीनं कापून घेतला. सोफा कापायला परवानगी लागत नाही. मी आधी चौकशी केली होती. दार तेव्हापासून लागतं. कापलेला तुकडा वर रेक्झिन ठोकून गॅलरीत बाक म्हणून ठेवलाय, त्यावर दोन माणसं ऐसपैस बसतात.

अनंत चतुर्दशीला दुपारी चारला बेल वाजली. दारात ३०४ च्या सासूबाई. मिरवणूक आमच्या रस्त्यानं जाते, आणि रस्त्यावर उघडणारी गॅलरी इमारतीत आता एकच आहे. "बंद काचेतून ढोल ऐकू येत नाहीत रे," म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या. पाठोपाठ १०१ च्या आजी, २०३ ची मुलं, ४०२ वाले नवरा-बायको. साडेपाचला सेक्रेटरी आले. चिमटे परत आणले होते. आल्यावर कठड्याला रेलून उभे राहिले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "हवा छान येते हो तुमच्याकडे."

पुढच्या वर्षी तुम्हालाही यायचं असेल तर जरूर या. ती गॅलरी अधांतरी आहे, म्हणून एका वेळी आठच माणसं सोडतो, आणि बाकावरची एक जागा ३०४ च्या सासूबाईंची ठरलेली आहे. परवानगी ही देते. अर्ज साध्या कागदावर चालेल, विषय एकच ठेवा, दीडशे शब्दांच्या आत.